पिक्सेल आर्टचा व्यवसाय : आधी चौकट ठरवा, मग साधन घ्या



पिक्सेल आर्टवरचा व्हिडिओ टाकल्यापासून मला एकच प्रश्न फिरून फिरून येतोय. "सर, टॅबलेट कोणता घेऊ?" विचारणारे घाटंजीचे आहेत, आर्णीचे आहेत, दारव्ह्याचे आहेत. बहुतेकांच्या घरी कापूस नाहीतर सोयाबीन. म्हणजे घरात मोठा पैसा वर्षातून एकदा येतो, आणि तो येण्याआधीच कृषी केंद्राची उधारी, पीककर्ज, शाळेची फी अशा त्याच्या वाटण्या झालेल्या असतात. अशा घरात पंधरा-वीस हजारांचं यंत्र हप्त्यावर आलं आणि सहा महिने ऑर्डरच आली नाही, तर हप्ता कोण भरणार? बाबाच भरणार ना!

म्हणून आज स्पष्ट सांगतो. पिक्सेल आर्ट हे असं काम आहे की ज्याची सुरुवात शून्य रुपयांत होते. यात साधनापेक्षा कामाची पद्धत जास्त कमावून देते. ही पद्धत आज आपण एकाच उदाहरणावर पायरी-पायरीने शिकू. उदाहरण आपल्या घरचंच आहे : तान्हा पोळ्याचा लाकडी बैल.

पिक्सेल आर्ट म्हणजे नेमकं काय?

स्क्रीनवरचं कुठलंही चित्र बारीक चौकोनांचं बनलेलं असतं. त्या एका चौकोनाला पिक्सेल म्हणतात. साध्या चित्रात ते चौकोन दिसू नयेत म्हणून धडपड असते. पिक्सेल आर्टमध्ये उलटं आहे. इथे प्रत्येक चौकोन दिसतो, आणि प्रत्येक चौकोनाचा रंग तुम्ही स्वतः ठरवता.

ही कल्पना आपल्याला नवीन नाही. आईने मॅटीच्या कापडावर क्रॉस स्टिचचा मोर भरला असेल, तर तिने आधी चौकटीच्या कागदावरचा नमुना मोजला होता. दारात ठिपक्यांची रांगोळी काढणारी ताई आधी ठिपके मोजते, मग रेघ ओढते. दिग्रस-पुसदकडच्या तांड्यांवरचा बंजारा कशिदा बघा, चौकोन, त्रिकोण आणि आरशांचा सगळा हिशोब आहे. मोजून, चौकटीत बसवून चित्र काढायची सवय आपल्या घराघरात आहे. फक्त सुईच्या जागी माऊस आला.

याला गिऱ्हाईक कोण? मोबाइल गेम बनवणारे छोटे गट, स्टिकर आणि टी-शर्ट छापणारे, सणाच्या पोस्ट बनवून घेणारे दुकानदार, भरतकामाचे नमुने विकत घेणाऱ्या हौशी बायका. शेवटचं गिऱ्हाईक लोक विसरतात. ६४ × ६४ चौकोनांचं तुमचं चित्र म्हणजे तयार क्रॉस स्टिचचा तक्ताच आहे. इंचाला १४ टाके बसणाऱ्या कापडावर ते साधारण साडेचार इंचाचं होतं. एकच चित्र दोन बाजारांत विकता येतं.

कमी जागा ही अडचण नाही, तोच धंदा आहे

पिक्सेल आर्ट जन्मलं ते मर्यादेतून. १९८९ साली आलेल्या गेम बॉयच्या पडद्यावर १६० × १४४ एवढेच पिक्सेल होते आणि छटा फक्त चार. तेवढ्यात अख्खे गेम बसवले लोकांनी.

१९८१ च्या 'डाँकी काँग' या गेममधला मारिओ आठवा. त्याला मिशी का? कारण एवढ्याशा जागेत तोंड काढता येत नव्हतं, मिशी काढली की नाक उठून दिसायचं. टोपी का? केस काढणं अवघड होतं म्हणून. अडचणीतून जे निघालं, तीच त्याची ओळख झाली.

१९८४ साली ॲपलचा मॅकिन्टॉश आला. त्याची छोटी चिन्हं सुझन केअर या कलाकार बाईंनी काढली होती. ३२ × ३२ चौकोन, रंग फक्त काळा आणि पांढरा. सुरुवातीची चिन्हं त्यांनी आलेखाच्या कागदावर चौकोन भरून काढली. स्टेशनरीच्या दुकानात मिळणारा आलेखाचा कागद! तेव्हा "माझ्याकडे चांगला लॅपटॉप नाही" हे कारण आजपासून बंद.

आणि हे जुन्या काळापुरतं नाही. २०१६ साली आलेला 'स्टारड्यू व्हॅली' हा शेतीवरचा गेम एरिक बॅरोन या एकट्या माणसाने बनवला. चित्रं, संगीत, प्रोग्रामिंग सगळं त्याचंच. साडेचार वर्षं लागली, आणि आधी काढलेली चित्रं हात सुधारला तशी त्याने पुन्हा पुन्हा काढली. हा आकडा मुद्दाम सांगतोय. महिन्याभरात लाखो कमवा, असं सांगणाऱ्यांच्या नादी लागू नका.

साधन कोणतं निवडायचं?

आता तुमच्या प्रश्नाकडे येऊ. तुमच्याकडे काय आहे, त्यावर उत्तर ठरतं.

फक्त मोबाइल असेल तर : पिक्सेल स्टुडिओसारखं ॲप घ्या. १६ × १६ किंवा ३२ × ३२ ची चित्रं बोटाने आरामात होतात. बोट जाड वाटलं तर चित्र मोठं करून काम करा. शिकायला आणि पहिली दहा चित्रं काढायला एवढं पुरे.

जुना कॉम्प्युटर असेल तर : तीन मोफत पर्याय आहेत. पिस्केल ब्राउझरमध्ये चालतं, काही बसवावं लागत नाही, एका दिवसात हाताला येतं. पण काम झालं की फाइल स्वतःच्या कॉम्प्युटरवर उतरवून ठेवा, ब्राउझरच्या भरवशावर राहू नका. लिब्रेस्प्राइट वजनाला हलकं आहे, इंटरनेटशिवाय चालतं. पिक्सेलोरामा तिघांत सगळ्यात भरलेलं आहे : थर, ॲनिमेशन, रंगपेटी सगळं मिळतं, आणि तेही मोफत.

पैसे द्यायची तयारी असेल तर : या कामात जगभर सगळ्यात जास्त नाव असलेलं साधन म्हणजे एसप्राइट. किंमत साधारण वीस डॉलर, एकदाच द्यायची, दर महिन्याला नाही. चाचणीची प्रत मोफत मिळते, पण तिच्यात काम साठवता येत नाही. म्हणजे हात फिरवून बघायला ती चांगली, ऑर्डरच्या कामाला नाही.

गिंप किंवा फोटोशॉप आधीपासून येत असेल तर तेही चालेल. एकच काळजी घ्या : ब्रश नाही, पेन्सिल वापरायची, जाडी १ पिक्सेल. ब्रश कडेला पुसट रंग सोडतो आणि तिथेच चित्र बिघडतं.

चित्र काढायचा टॅबलेट? ३२ × ३२ च्या कामाला त्याची गरजच नाही. एकेक चौकोन भरायला साधा माऊस पुरतो, कधीकधी टॅबलेटपेक्षा बरा पडतो. मोठी दृश्यं, १२८ च्या पुढची चित्रं करायला लागलात की मग विचार करू.

आणि एक नियम लिहून ठेवा : एक साधन निवडलं की पहिली वीस चित्रं होईपर्यंत बदलायचं नाही. रोज नवीन सॉफ्टवेअरचे व्हिडिओ बघणारा माणूस व्यस्त दिसतो, पण त्याच्या फोल्डरमध्ये विकण्यासारखं काही नसतं.

कामाची पद्धत : लाकडी बैल, सात पायऱ्या

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी आपल्याकडे पोरं चाकांचा लाकडी बैल ओढत घरोघर जातात. समजा, एका दुकानदाराला तान्हा पोळ्यासाठी त्याच बैलाचं स्टिकर हवंय. चला, करूया.

पायरी १. आकार ठरवा. १६ × १६ म्हणजे २५६ चौकोन. ३२ × ३२ म्हणजे १०२४. ६४ × ६४ म्हणजे ४०९६. नीट बघा, बाजू दुप्पट केली की चौकोन चौपट होतात. म्हणजे कष्टही जवळपास तेवढेच वाढतात, पण गिऱ्हाईक चौपट पैसे देईलच असं नाही. आपल्या बैलाला शिंगं, वशिंड, झूल आणि चाकं दाखवायची आहेत. १६ मध्ये चाकं नुसते ठिपके होतील, ६४ मध्ये उगाच वेळ जाईल. म्हणून ३२. आकार आधी ठरवायचा आणि मध्ये बदलायचा नाही.

पायरी २. काय ठेवायचं, काय सोडायचं. कागदावर यादी करा. बैल ओळखू येण्यासाठी काय लागतं? शिंगं आणि वशिंड. लाकडी आहे हे कशावरून कळतं? पाट आणि चाकांवरून. सणाचा आहे हे कशावरून? झूल आणि रंगवलेल्या शिंगांवरून. नाकपुड्या, खूर, शेपटीचा गोंडा, एकेक घुंगरू सोडून द्या. मारिओची मिशी आठवा. जे सोडाल, त्यामुळे बाकीचं उठून दिसेल.

पायरी ३. फक्त सावली काढा. एकाच गडद रंगाने बैलाचा पूर्ण आकार भरा. डोळे नाहीत, झूल नाही, काही नाही. मग चित्र लहान करून दूरून बघा, घरातल्या पोराला दाखवा. "हे काय आहे?" तो "बैल" म्हणाला तर पुढे जा. "कुत्रा" म्हणाला तर शिंगं मोठी करा, वशिंड उंच करा, मान जाड करा. ही पाच मिनिटांची परीक्षा पुढचे दोन तास वाचवते. सावलीत जो बैल दिसत नाही, तो रंग भरल्यावरही दिसत नाही.

पायरी ४. रेषा साफ करा. शिंगाची वळणदार रेघ म्हणजे चौकोनांच्या पायऱ्या. त्या पायऱ्यांची लांबी ३, २, १, १, २, ३ अशी क्रमाने कमी-जास्त झाली तर डोळ्याला वळण गुळगुळीत वाटतं. ३, १, २, ४ अशी झाली तर रेघ वेडीवाकडी, दातेरी दिसते. नवशिक्याचं आणि जाणत्याचं काम इथेच ओळखू येतं. प्रत्येक वळणावरच्या पायऱ्या मोजा, शब्दशः मोजा. पाटाची सरळ तिरपी रेघ हवी असेल तर दोन आडवे, एक उभा, दोन आडवे, एक उभा, असा एकच नियम शेवटपर्यंत पाळा.

पायरी ५. रंग थोडे ठेवा. या बैलाला आठ रंग पुष्कळ झाले : पांढरा, पांढऱ्याची सावली, गडद बाह्यरेषा, झुलीचा लाल, लालाची सावली, शिंगांचा पिवळा, लाकडाचा तपकिरी आणि त्याची सावली. रंगसंगती जमत नसेल तर लॉस्पेक या वेबसाइटवर तयार रंगपेट्या मोफत मिळतात. एक निवडा आणि तीच सगळ्या चित्रांना वापरा. वीस वेगवेगळी चित्रं एकाच रंगपेटीतली असली की ती एका दुकानातली वाटतात.

पायरी ६. उजेड एका बाजूने. उजेड वरून डावीकडून येतोय असं ठरवा आणि प्रत्येक चित्रात तेच ठेवा. सावली पोटाखाली, मानेखाली, चाकांच्या उजव्या अंगाला. पांढऱ्या बैलाची सावली काळपट करू नका, मळकट दिसतो. फिकट निळसर-करडी करा. आणि सगळ्या कडांना गडद, मध्ये उजळ, असं सारखं भरू नका. बैलाची उशी होते!

पायरी ७. थांबा, झोपा, सकाळी बघा. सकाळी ताज्या नजरेने चूक लगेच दिसते. एकटे पडलेले, कशाशीच न जुळणारे चौकोन शोधा आणि काढून टाका. मग काम संपलं म्हणा. ३२ × ३२ च्या चित्रावर चार दिवस बसणं म्हणजे कला नाही, ती तुमच्या दराची माती आहे.

हलतं चित्र हवं असेल तर चार चौकटी पुरतात. चाकावरची खूण पाव-पाव फेरी सरकवा आणि एका चौकटीआड बैल एक पिक्सेल वर उचला. प्रत्येक चौकट १५० मिलिसेकंद ठेवली तर ०.६ सेकंदात चाकाची एक फेरी पूर्ण. बैल ठुमकत चालल्यासारखा वाटतो.

मराठी अक्षरं लिहिताना

इथे आपल्या लोकांना मोठी संधी आहे, पण अक्षरं सोपी नाहीत. इंग्रजीचं मोठं अक्षर पाच-सात ओळींत बसतं. आपल्या अक्षराला शिरोरेषेसाठी एक ओळ, वरच्या मात्रांसाठी दोन-तीन, मधल्या अक्षरासाठी सात-आठ, आणि खाली उकार असेल तर आणखी दोन-तीन ओळी लागतात. म्हणून बारा ते चौदा ओळींपेक्षा कमी उंचीत मराठी कोंबू नका. 'पोळा' या शब्दात खाली उकार नाही, तो बारा ओळींत बसतो. 'शुभेच्छा' मध्ये खाली उकारही आहे, वर मात्राही आहे आणि जोडाक्षरही आहे. त्याला जागा जास्त सोडा. गिऱ्हाईकाने मजकूर दिला की आधी अक्षरांच्या ओळी मोजा, मग बैल कुठे उभा करायचा ते ठरवा.

फाइल देताना माझी झालेली फजिती

एक गोष्ट सांगतो, माझ्या खिशाला लागलेली आहे. सुरुवातीच्या दिवसांत मी असंच एक चित्र पंचवीस टी-शर्टांसाठी दिलं होतं. चित्र मस्त झालं होतं. घाईत ते व्हॉट्सॲपवर फोटो म्हणून पाठवून दिलं. छापून आलं तेव्हा चौकोनांच्या कडा पुसट, रंगांभोवती घाण, आणि पारदर्शक ठेवलेल्या जागी भलताच चौकोनी पट्टा. छापणाऱ्याची काही चूक नव्हती. मी जे दिलं तेच त्याने छापलं. टी-शर्टांचे पैसे मला भरावे लागले.

तेव्हापासून चार नियम पाळतो :

- फाइल नेहमी पीएनजी. जेपीजी फाइल लहान करण्यासाठी रंग एकमेकांत मिसळते, फोटोला ते चालतं, पिक्सेल आर्टला नाही.
- व्हॉट्सॲपवर फोटो म्हणून नाही, डॉक्युमेंट म्हणून पाठवायचं. नाहीतर ईमेल.
- चित्र मोठं करताना पूर्ण पटीतच करायचं : १० पट, ३३ पट, १०० पट. ३२ चं ३२० बरोबर. ३२ चं ५०० केलं तर काही चौकोन मोठे, काही लहान होतात. मोठं करताना सॉफ्टवेअरमध्ये 'नियरेस्ट नेबर' हा पर्याय निवडा. गिंपमध्ये त्याच जागी 'नन' निवडा.
- मूळ ३२ × ३२ ची फाइल जपून ठेवायची. गिऱ्हाईकाला मोठी केलेली प्रत द्यायची.

हिशोब लक्षात ठेवा. इन्स्टाग्रामसाठी १०८० चा चौकोन लागतो : ३२ चे ३३ पट म्हणजे १०५६, उरले २४, दोन्ही बाजूंना १२-१२ समास. टी-शर्टसाठी १०० पट म्हणजे ३२००, इंचाला ३०० ठिपक्यांच्या छपाईत साडेदहा इंचांपेक्षा थोडं जास्त. झालं काम.

आणि वीज! आपल्याकडे ती कधी जाईल सांगता येत नाही. प्रत्येक पायरी संपली की नवीन नावाने साठवा : बैल-०१, बैल-०२, बैल-०३. वीज गेली तरी एक पायरीच जाईल, अख्खा बैल नाही. आणि गिऱ्हाईक जेव्हा म्हणेल "आधीचंच बरं होतं", तेव्हा आधीचं तुमच्याकडे असेल.

दर कसा ठरवायचा?

वहीत तीन रकाने आखा : चित्र, लागलेला वेळ, बदल किती वेळा केले. पहिल्या दहा चित्रांची नोंद ठेवा, फुकट केलेल्यांचीही.

समजा, बैलाला तीन तास लागले आणि बदलांना एक तास. एकूण चार. तुमच्या तासाची किंमत तुम्ही १५० रुपये धरली, तर ६०० रुपयांच्या खाली हे काम तोट्यात आहे. पण तोच बैल हिरव्या झुलीचा, निळ्या झुलीचा करायला कदाचित वीस मिनिटंच लागतील, कारण सावली, रेषा आणि रंगपेटी तयार आहे. पद्धतीचा पैसा इथे मिळतो. एकेक चित्र विकणारा दमतो. संच विकणारा टिकतो : बैल, बैलगाडी, कापसाचं बोंड, टिपेश्वरचा वाघ, शकुंतला रेल्वेचं इंजिन, सगळे ३२ × ३२, सगळे एकाच रंगपेटीत. असे संच इच.आयओसारख्या वेबसाइटवर गेम बनवणाऱ्यांसाठी विकायला ठेवता येतात, किंमत तुम्हीच ठरवता.

काम घेण्याआधी दोन गोष्टी लेखी ठेवा, व्हॉट्सॲपवर का होईना : दोन बदल फुकट, तिसऱ्यापासून पैसे, आणि निम्मी रक्कम आधी. ओळखीचा असला तरी. ओळखीचा असला तर जास्तच!

आणि दुसऱ्याचं पात्र काढून विकू नका. मारिओ शिकण्यासाठी काढा, विकण्यासाठी नाही. टी-शर्टवर छापलात तर हक्काचा प्रश्न येतो. आपल्याकडे बैल, वाघ, कापूस, इंजिन असताना गरजही नाही.

मग साधनावर खर्च कधी करायचा?

माझं उत्तर सोपं आहे. पहिली कमाई होईपर्यंत साधनावर एक रुपयाही नाही. एसप्राइट घ्यायचंय? त्याचे पैसे चित्रं विकून आलेले असले पाहिजेत, घरच्या कापसाचे नाही. टॅबलेट घ्यायचाय? वहीत बघा : टॅबलेट नाही म्हणून किती ऑर्डर परत पाठवाव्या लागल्या? आकडा शून्य असेल तर टॅबलेट दुकानातच राहू द्या.

या आठवड्याचा गृहपाठ

१. आलेखाच्या कागदावर किंवा मोबाइलवर १६ × १६ मध्ये कापसाचं बोंड काढा. रंग फक्त चार.
२. आधी सावली. घरातल्या दोघांना दाखवा, ओळखू आलं का विचारा.
३. वेळ लिहा.
४. तेच बोंड दुसऱ्या दिवशी पुन्हा पहिल्यापासून काढा आणि पुन्हा वेळ लिहा.

दोन आकड्यांमधला फरक बघा. तो फरक म्हणजे तुमची पहिली कमाई, आणि त्यासाठी कुठलाही हप्ता भरावा लागला नाही.

भेटूया पुढच्या व्हिडिओत. तोवर चौकोन मोजत राहा!